नगर जिल्ह्याची हिशेबशाळा

१२ मे १८७५. सुप्याचा बाजाराचा दिवस. हे सुपे पुणे जिल्ह्यातले. पारनेरचे सुपे वेगळे. बाजाराला जमलेले शेतकरी त्या दिवशी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. बघता बघता हे लोण नगर जिल्ह्यात पोचले आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांतल्या गावांत तोच प्रकार घडला. सगळीकडे मागणी एकच होती : कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढा. कागद हाती आले की ते जाळायचे आणि घरी परतायचे. मारहाण झाली ती बहुतेक ठिकाणी कागद द्यायला नकार मिळाल्यावर.

इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात मूळ कर्ज होते १०० रुपये आणि त्यावर व्याज लागले होते २,००० रुपयांहून जास्त. एवढे व्याज चढते कसे, हे त्या शेतकऱ्याला कोणी कधी मांडून दाखवले नव्हते. रोख्याखाली त्याची सही नसायची, नांगराची निशाणी असायची. मजकूर दुसऱ्याने लिहिलेला, आकडे दुसऱ्याने घातलेले.

ते आकडे आज मांडून पाहता येतात. शेकडा दरमहा दोन रुपये हा त्या काळी खेड्यात काही फार चढा दर नव्हता. १०० रुपयांवर या दराने तीन वर्षांचे सरळव्याज होते ७२ रुपये. तीन वर्षांनी सावकार जुना रोखा फाडून १७२ रुपयांचा नवा लिहून घेतो. आता व्याज १७२ वर. आणखी तीन वर्षांनी रोखा होतो २९६ रुपयांचा, नवव्या वर्षी ५०९ चा आणि बाराव्या वर्षी ८७५ चा. व्याजाचा दर एका पैशानेही वाढलेला नाही. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळले, एवढेच काय ते झाले.

दामदुपटीचा जुना रिवाज पाळला असता तर व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ शकले नसते. १०० चे फार तर २०० झाले असते. पण प्रत्येक नव्या रोख्यात जुने व्याजच मुद्दल म्हणून बसले होते, त्यामुळे दामदुपट मोजायची ती नव्या आकड्यापासून. यातला सगळ्यात बोचरा भाग असा की तीन वर्षांची ही मुदत सावकाराने काढलेली नव्हती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने जुनाट रोख्यांवर दावे लावायला बंदी घातली होती आणि हेतू कर्जदाराला वाचवण्याचा होता. सावकाराने त्या मुदतीचाच उपयोग करून दर तीन वर्षांनी रोखा नवा करून घेतला. हेतू एक आणि परिणाम दुसराच, असे कायद्यांच्या बाबतीत का होते, हे अर्थशास्त्राचे विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतात. नगरच्या कुणब्याला ते जमिनीच्या मोलाने शिकावे लागले.

त्यात बाजाराचाही एक धडा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला न भूतो असा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कर्जाचा हिशेब मात्र तेजीच्या भावाने मांडलेला राहिला. सारा रोख भरायचा होता, तोही फेरआकारणीने वाढलेला. तेजीत घेतलेले कर्ज मंदीत फेडावे लागते, ही गोष्ट पुढे साखरेच्या धंद्यातही या जिल्ह्याने पुन्हा अनुभवली.

दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. शिवाय शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची पावती, खात्याचा वार्षिक उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. हक्क उत्तम होता, पण उतारा वाचणारा कुठून आणायचा? आणि वाचला तरी पुढच्या पेरणीला पैसा कोण देणार? कायद्याचा बडगा आल्यावर सावकारांनी हात आखडते घेतले. काहींनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कर्ज नको असे शेतकऱ्याचे म्हणणे नव्हतेच. त्याला स्वस्त आणि कळेल असे कर्ज हवे होते. न्यायमूर्ती रानडे आणि पुण्याचे तेव्हाचे न्यायाधीश विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी शेतकी बँकेची योजना मांडली. हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले, पण लंडनच्या इंडिया ऑफिसने ती मोडीत काढली.

उत्तर यायला आणखी वीस वर्षे लागली आणि ते आले जर्मनीच्या वाटेने. फ्रीड्रिख रायफायझेन या गृहस्थाने तिकडच्या खेड्यांत पतपेढ्या उभ्या केल्या होत्या. तारण द्यायला कोणाकडे काही नाही, तर सगळ्यांनी मिळून सगळ्यांची हमी घ्यायची, हे त्यांचे सूत्र. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ते हिंदुस्थानात आणले. गावच्या पेढीत सभासदांची जबाबदारी अमर्याद असे : एकाने बुडवले तर बाकीच्यांच्या घरादारावर येणार. यामुळे एक गंमत झाली. अर्जदार कर्ज कशाला मागतो, विहिरीला की लग्नाला, त्याच्या रानात पीक काय आहे, जुनी बाकी किती आहे, हे सगळे पाहणे शेजाऱ्याच्या स्वतःच्या हिताचे ठरले. बँकेचा अधिकारी ज्याला पतपारख म्हणतो ते काम पारावर बसणाऱ्या मंडळींच्या अंगावर आले.

प्रवरेकाठच्या लोणी बुद्रुक गावात अशी पतपेढी १९२३ मध्ये सुरू झाली. ती उभी करणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. त्यांच्या नावावर पुढे एवढे मोठे काम जमा झाले की ही पेढी त्यात झाकली जाते. पण कर्जवाटप, वसुली, थकबाकी, राखीव निधी या गोष्टी लोणीकरांच्या अंगवळणी पडल्या त्या इथे. पुढे साखर कारखान्यासाठी भांडवल मागायला जे लोक दारोदार गेले, त्यांना पैसा परत करण्याची सवय असलेल्या गावातून यायचे भाग्य लाभले होते.

तोवर नदीनेही रूप बदलले होते. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला धरण बांधायचे काम १९१० ला सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. प्रवरेचे कालवे वाहू लागले. उत्तरेला कोपरगाव-राहात्याकडे गोदावरीचे कालवे आधीच होते. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आला, आणि उसाबरोबर गुऱ्हाळे.

गुळाचा धंदा दिसायला घरचा होता, पण दोरी आडत्याच्या हातात असे. आडत्या हंगामाआधी उचल देई. ती घेतली की गूळ त्याच्याच गाळ्यावर टाकायचा. ढेपा विकल्या गेल्या की शेतकऱ्याला मिळायची पट्टी. अशी पट्टी जवळून वाचण्यासारखी असते. वरच्या ओळीत भाव आणि वजन, त्यांचा गुणाकार पाहून मन सुखावते. मग खाली उतरावे : आडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय, गाडीभाडे, मागील उचल, उचलीवरचे व्याज. शेवटच्या ओळीतला आकडा कधी कधी पहिल्या ओळीच्या निम्मासुद्धा नसे. आणि या पट्टीत जे लिहिलेलेच नाही ते वेगळेच : चुलवाणात गेलेले जळण, काहिलीपाशी रात्रंदिवस राबलेली घरची माणसे, बारा-चौदा महिने अडकून पडलेली जमीन. १९३० च्या आगेमागे जगभर मंदी आली तेव्हा गुळाचे भाव असे पडले की पाणीपट्टी भरायची पंचाईत झाली.

नेमक्या याच वेळी साखरेच्या धंद्याला मात्र सुगी आली. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली. देशभरात तिशीच्या आसपास असलेली साखर कारखान्यांची संख्या चार वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेली. नगर जिल्ह्यात हरिगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आधीच उभा होता. आता टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर अशी नावे नकाशावर आली. या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि स्वतःच ऊस लावला. खंड ठरलेला, मुदत लांबलचक. ज्या रानातून साखर निघत होती, त्या रानाच्या मालकाला त्या साखरेच्या भावाशी काही देणेघेणे उरले नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि खंडकऱ्यांचा त्या परत मिळवण्याचा लढा थेट एकविसाव्या शतकात येऊन पोचला. दीर्घ मुदतीचा करार करताना पुढच्या तीस वर्षांचा विचार न केल्याची ती किंमत होती.

या टप्प्यावर धनंजयराव गाडगीळ या जिल्ह्याच्या गोष्टीत येतात. केंब्रिजला शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा संचालक होता. त्यांची पद्धत अशी की आधी पायाने फिरायचे, मग लिहायचे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा त्यांनी केलेला पाहणी अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनचे कालवे सरकारी हिशेबात तोट्याचे गणले जात, कारण पाणीपट्टीच्या उत्पन्नातून गुंतवलेल्या भांडवलाचे व्याजही सुटत नसे. गाडगीळांनी प्रश्नच बदलला. कालव्यामुळे पीक किती वाढले, मजुराला किती दिवस जास्त काम मिळाले, बाजारपेठेत उलाढाल किती वाढली? प्रत्यक्ष फायद्याबरोबर अप्रत्यक्ष फायदाही मोजायचा. एखाद्या प्रकल्पाचा खर्च एका खिशातून जातो आणि लाभ दहा खिशांत पडतो, तेव्हा एकाच खिशाचा हिशेब पाहून निकाल देऊ नये, हा या पाहणीचा गाभा. भारतात सिंचनाचे असे मोजमाप करण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता आणि त्यासाठी निवडलेली भूमी नगर जिल्ह्याची होती.

१९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढावा, आणि तो सहकारी असावा, हा विचार तिथे पक्का झाला. विठ्ठलराव विखे पाटील कामाला लागले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता हे सहकारी बँकिंगमध्ये मुरलेले गृहस्थ. त्यांचा पाठिंबा मिळाला. १९४८ मध्ये प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम पार पडला. गाडगीळ अध्यक्ष आणि विखे पाटील उपाध्यक्ष, अशी ही जोडी पहिली दहा वर्षे चालली.

प्रवरेला ‘आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना’ म्हणण्याची रीत पडली आहे. ती तेवढी खरी नाही. आंध्रात एटिकोप्पाक इथे १९३० च्या दशकातच सहकारी साखर कारखाना निघाला होता. इकडे माळीनगरला सासवडच्या माळी बागायतदारांनी स्वतःची कंपनी काढून साखर कारखाना चालवला होता, तो सहकारी नव्हता एवढेच. प्रवरेचे वैशिष्ट्य वेगळे होते : ज्याची नक्कल दुसऱ्या तालुक्याला करता येईल असा हिशेब तिथे बसवला गेला.

तो हिशेब समजून घेण्यासारखा आहे. दिवसाला ५०० टन ऊस गाळणारा कारखाना धरू. हंगाम १५० दिवसांचा. म्हणजे ७५,००० टन ऊस हवा. एकरी ४० टन उतारा धरला तर दर हंगामाला जवळजवळ १,९०० एकर ऊस तोडणीला तयार लागतो, आणि तोही एकदम नाही. रोज साडेबारा एकर. ऊस तोडला की त्यातली साखर घटू लागते, म्हणून तोडलेला ऊस दिवसभरात गव्हाणीत पडलेला बरा. आता खर्चाची बाजू. समजा यंत्रांच्या कर्जाचे व्याज, घसारा आणि कायम पगार मिळून वर्षाला १५ लाख रुपये लागतात. ७५,००० टन गाळले तर टनाला २० रुपये बसतात. ऊस ४०,००० टनच आला तर तोच खर्च टनाला साडेसदतीस रुपयांवर जातो. कारखाना तोच, कामगार तेच, साखर तीच. फक्त ऊस कमी आला म्हणून शेतकऱ्याच्या भावातून टनामागे साडेसतरा रुपये उडाले.

हे एकदा ध्यानात आले की सहकारी कारखान्याचे बाकीचे नियम आपोआप उलगडतात. शेअर घेणाऱ्याने ऊस घालण्याचे बंधन का घ्यायचे, लागणीची नोंद का ठेवायची, तोडणीचा क्रम कारखान्याने का ठरवायचा, शेजाऱ्याचा ऊस आधी तुटला म्हणून भांडायचे का नाही. उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम कापून बिनपरतीची ठेव म्हणून ठेवायची पद्धत रुळली, तीही याच विचाराने. सगळा पैसा भावात वाटला तर सभासद यंदा खूश होतो. पण यंत्र झिजते, आणि झिजलेल्या यंत्राच्या जागी नवे आणायला पुन्हा कर्ज काढावे लागते. आजचा भाव की उद्याची क्षमता, हा वाद साखर कारखान्यांच्या सभांत तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

या सभा म्हणजे जिल्ह्यातले अर्थशास्त्राचे खुले वर्गच म्हणायचे. सभेआधी सभासदाच्या घरी अहवालाची पुस्तिका येते. पहिल्या पानांवर फोटो आणि श्रद्धांजली. मग नफा-तोटा पत्रक, मग ताळेबंद : डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे मालमत्ता व येणी. जाणता सभासद फोटोंवर थांबत नाही. तो आधी लेखापरीक्षणाचा वर्ग पाहतो, मग साखरेचा शिल्लक साठा कोणत्या दराने धरला आहे ते पाहतो. साठा फुगवलेल्या दराने धरला की नफा कागदावर दिसतो आणि बँकेकडून मालतारण कर्जही जास्त मिळते. साखर कमी दराला विकली गेली की दोन्ही गोष्टी अंगाशी येतात. असा प्रश्न माईकवर विचारला गेला की मंडपात शांतता पसरते, आणि मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाजही लगेच उठतो.

गाडगीळांच्या विचारांना देशपातळीवरही वाट मिळाली. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये करवलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीचे ते सदस्य होते. ग्रामीण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. सावकारांचा सत्तरच्या घरात. कर्ज आणि विक्री एका धाग्यात ओवावी आणि सरकारने संस्थांच्या भांडवलात भागीदार व्हावे, अशी शिफारस १९५४ च्या अहवालात झाली. ऊसपट्ट्यात ही जोड बसली : सोसायटीने पीककर्ज द्यायचे, कारखान्याने ते ऊस बिलातून कापून द्यायचे. मे १९६१ मध्ये पंडित नेहरू प्रवरा कारखान्याला भेट द्यायला प्रवरानगरला आले. कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, श्रीगोंदे अशा तालुक्यांत कारखाने उभे राहत गेले.

मात्र ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू रानात ही जोड नव्हती. पाथर्डी, शेवगावची माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघत आणि आजही निघतात. त्यांचा व्यवहार मुकादमाशी. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, त्यावर हंगामाआधी उचल. ती फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर जाते. कारखान्याच्या ताळेबंदात ‘तोडणी-वाहतूक’ ही एक ओळ असते, लेखापरीक्षकाने तपासलेली. कोयत्याच्या उचलीचा हिशेब मुकादमाच्या डायरीत असतो आणि तिची पावती मागायची रीत नाही. ज्या जिल्ह्यात बागायतदार ताळेबंद वाचायला शिकला, त्याच जिल्ह्यात ही दुसरी वही अजून एकाच माणसाच्या खिशात आहे.

शेतीमालाच्या खर्चाचा प्रश्नही या जिल्ह्यातच शास्त्रशुद्ध रीतीने मोजला जातो. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चे. उत्पादन खर्चाची केंद्रीय योजना महाराष्ट्रात या विद्यापीठामार्फत चालते. निवडलेल्या शेतकऱ्यांच्या घरी वर्षभर नोंदी ठेवल्या जातात. बियाणे, खते, मजुरी यांचा रोख खर्च सगळेच धरतात. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ‘ए-२ अधिक एफएल’ हा आकडा येतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की ‘सी-२’. गुळाच्या पट्टीत जे कधी लिहिले जात नव्हते, ते इथे कागदावर आले. हमीभाव कोणत्या खर्चावर काढायचा, यावर आज देशभर जी भांडणे होतात ती याच दोन आकड्यांमधल्या फरकाची आहेत.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने हिशेबाचा आणखी एक प्रकार रूढ केला. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. जेमतेम पाऊस, उजाड डोंगर, रोजगारासाठी गाव सोडणारी माणसे अशी तेव्हाची स्थिती. पाणलोटाची कामे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे सगळे झाले आणि विहिरींना पाणी आले. खरी कसोटी त्यानंतरची होती, कारण पाणी आले की पहिला मोह उसाचा. गावाने शेतीसाठी बोअरवेल घ्यायचे नाही आणि ऊस-केळी लावायची नाही असे ठरवले. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे दर १०० मिलिमीटरला शिवारात ९७ कोटी लिटरहून अधिक पाणी पडते. त्यातले उडून किती गेले, वाहून किती गेले, मुरले किती, हे मांडायचे. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला. उरलेल्यात कोणते पीक बसते ते मग ठरते. पाऊस कमी झाला तर गव्हाचा हट्ट सोडायचा. उसाच्या एकरात जेवढे पाणी जाते तेवढ्यात कांद्याचे, चाऱ्याचे, भाजीपाल्याचे किती एकर भिजतील, हा तिथला सवाल. एक गोष्ट निवडताना दुसरी कोणती हातची जाते, ते मोजल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, ही शिस्त चाळीस मैलांवरच्या कालव्याच्या पट्ट्याला कधी लावावी लागली नाही.

आणि हिशेब चुकले की काय होते, तेही जिल्ह्याने पाहिले. राहुरीच्या तनपुरे कारखान्यावर कर्जापायी बंद राहण्याची पाळी आली. शंभरी ओलांडलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. ही बँक १९१० सालची, सहकाराच्या अगदी पहिल्या पिढीतली. ठेव विम्यामुळे बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण असते. २०२० पूर्वी ही मर्यादा एकच लाख होती. पतसंस्थांतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. एक-दीड टक्का जादा व्याज कशाच्या बदल्यात मिळते, हे कळायला अनेक घरांना बँकेच्या बंद शटरसमोर रांग लावावी लागली.

साखरेचे अलीकडचे गणितही सभासदाला पाटीवर पेन्सिलीने करता येईल एवढे सोपे, आणि तेवढेच अवघड आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला, म्हणजे एफआरपी. या उताऱ्याने एक टन उसातून साखर निघते १०२.५ किलो. साखरेचा किमान विक्री दर तेव्हा फेब्रुवारी २०१९ पासूनचाच, किलोला ३१ रुपये होता. त्या दराने ही साखर होते ३,१७८ रुपयांची. प्रक्रियेचा खर्च अजून धरलेलाच नाही आणि उसाच्या दरातच सव्वादोनशे रुपयांची तूट आहे. बाजारभाव किमान दराच्या वर राहिला तर ती काही भरून निघते. बाकीची बगॅसवरची वीज, मळी आणि इथेनॉल यांतून भरायची. त्यासाठी कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. मधल्या आठ-नऊ महिन्यांत डिस्टिलरीच्या कर्जाचे व्याज मात्र रोजच्या रोज चढत होते.